सुभेदार नेमावा लागतो

गुरुवार, १० ऑक्टोबर

साडेतीनला कँटीनमधून हसण्याचा आवाज! शिफ्ट तीनला सुटते. तीन वाजून पाच मिनिटांनी या कारखान्यात मांजरसुद्धा थांबत नाही. तीस वर्षांत कधी थांबलेलं नाही. गुडघे गेले, पण कान शाबूत आहेत माझे. काच कापताना नुसता चाकाचा आवाज ऐकून पलीकडच्या खोलीतून सांगतो — ही तुटणार.

दार ढकललं. आत तिघं. सिमेउन — काच कापतो, पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. रोसांदा — मापांच्या याद्या तिच्याकडे, कुठली खिडकी कधी कापायची, कधी बसवायची ते तीच लावते. आणि रास्त्को, माझा पुतण्या — गिऱ्हाइकं सांभाळतो, बोलायला गोड. तिघांसमोर ऑफिसातले जुने कॉम्प्युटर, पडद्यावर डोंगर, नद्या, इवलेइवले घोडेस्वार.

"काय चाललंय?"

"राज्य," सिमेउन म्हणाला. मान वर न करता!

खेळ आहे म्हणे. 'अकरा दऱ्या'. प्रत्येकाला एक दरी. शेतं नांगरायची, मीठ साठवायचं, गढ्या बांधायच्या, शेजाऱ्याशी तह करायचे नाहीतर लढायचं. उरलेल्या दऱ्या कॉम्प्युटर स्वतः चालवतो. दर गुरुवारी एक वर्ष — चार ऋतू.

"बस रे वेल्या," सिमेउन म्हणाला. "एक दरी मोकळी आहे. पश्चिमेची. दगडधोंडे आहेत सगळे, पण तुला काय, तू दगडातून पैसा काढतोस."

"पुढच्या गुरुवारी बघू," म्हणालो, आणि घरी आलो.

जाणार आहे. खेळासाठी नाही. ग्राट्सहून आलेलं पत्र टेबलाच्या खणात आहे आणि उत्तर एकतीस डिसेंबरच्या आत द्यायचंय. ऑस्ट्रियन लोकांना माझी जागा हवी, गिऱ्हाइकं हवीत. खिडक्या ते तिकडून आणणार, इथे नुसतं गोदाम. एकोणीस माणसांपैकी चार राहतील. पत्रात हे सगळं फार नम्र भाषेत लिहिलंय.

कारखान्यात कुणाला माहीत नाही. वही, तुला माहीत आहे.

विकायचं कारण साधं आहे. मी चौसष्ट वर्षांचा, आणि माझ्यानंतर कोण? नेवेना नॉर्वेत माशांवर संशोधन करते. विचारलं तर हसते — "बाबा, मला मासे पुरे." रास्त्को रक्ताचा आहे, पण नुसत्या रक्ताने चौकट काटकोनात बसत नाही. सांगितल्याशिवाय काम करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तेव्हा त्यांच्यात बसून पाहायचं ठरवलंय. खेळताना माणूस आतला दिसतो. निम्मी माणसं मी पत्ते खेळूनच कामावर ठेवली!

गुरुवार, १७ ऑक्टोबर

बसलो. रास्त्कोने खेळाची माहिती छापून दिली — चौऱ्याऐंशी पानं! म्हणालो, कारखाना काढला तेव्हा मी चार पानंसुद्धा वाचली नव्हती.

वसंतात मिठाला चांगला भाव होता. सगळं विकलं. मनात म्हटलं, पोरं अजून पानं उलटताहेत आणि आपण धंदा करून मोकळे! हिवाळा आला आणि पडद्यावर लाल अक्षरं — मांस नासलं. शिबंदीतले दोनशे लोक पळून गेले.

"मीठ कुणी विकतं का?" सिमेउन म्हणाला. "तुझ्या बायकोने, ल्युबिंकाने, घरच्या बरणीतलं मीठ विकलं तर चालेल तुला?"

"भाव चांगला होता."

"भाव! भाव खा आता."

रोसांदाच्या दरीतून मिठाच्या तीन गाड्या माझ्याकडे निघालेल्या दिसल्या. निरोप वगैरे काही नाही, नुसत्या गाड्या.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

न्याहारीला पाव फाडताना विचार आला — पूर्वेच्या ओढ्यावर पाणचक्की बांधली तर? ल्युबिंका म्हणाली, "कुठे हरवलास?" म्हणालो, ओढ्यावर.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज तिघांना ताटकळत ठेवलं. एका वसंत ऋतूला मला एक तास दहा मिनिटं लागली! त्यांचं वीस मिनिटांत उरकतं. तोवर त्यांनी ल्युबिंकाने दिलेली आय्वार चटणीची आख्खी बरणी पावाला लावून संपवली. यंदाच्या मिरच्या गोड निघाल्यात, ते बरीक खरं.

वेळ लागतो कारण माझी नऊ गावं, आणि प्रत्येकात मी स्वतः जातो. कुठल्या शेतात राय, कुठे जव, कुठल्या पुलाची फळी कुजली, कुठल्या पहारेकऱ्याला बूट नाहीत. खेळ दाखवतो हे सगळं. दाखवतो तर बघायला नको?

"सुभेदार नेमा मालक," रोसांदा म्हणाली. "गावावर एक माणूस बसवायचा. त्याला एवढंच सांगायचं की धान्य हवं की भिंत हवी. बाकीचं तो पाहतो."

"आणि चुकला तर?"

"चुकतो. मग शिकतो. खेळात तसंच ठेवलंय — चुकला की त्याची अक्कल एका गुणाने वाढते."

"माझ्या गावांवर नको शिकायला," म्हणालो.

सिमेउन खोकला. त्याला खोकला नव्हता.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

दक्षिणेची दरी कॉम्प्युटर चालवतो. तिथला राजा लाकूड विकतो. त्याने भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. नाही म्हणाला. मी उठून गेलो, म्हणजे खिडकी बंद केली, आणि पुन्हा उघडली. तोच भाव. पुन्हा बंद, पुन्हा उघडली. सातव्यांदा खाली आला!

रास्त्को थक्क. "काका, हे पुस्तकात नाही!"

"पुस्तक लिहिणाऱ्याने कधी आमच्या वाल्येवोच्या बाजारात लाकूड घेतलेलं नाही," म्हणालो. फार बरं वाटलं. घरी येताना नदीच्या पुलावर उगाच थांबलो, पाण्याकडे बघत. कोलुबाराला पाणी कमी आहे यंदा.

शनिवार, २ नोव्हेंबर

ल्युबिंका फोनवर नेवेनाला सांगत होती — "तुझ्या बाबाला राज्य मिळालंय. आता कचराही टाकत नाही." ऐकलं मी. कचरा टाकून आलो.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज पहिली लढाई जिंकलो. रास्त्कोची सीमेवरची गढी घेतली. तीनशे स्वार, खिंडीतून, पहाटेच्या धुक्यात. घोड्यांच्या टापा ऐकू येतात त्या खेळात, खरंच!

"वा काका! मला कळलंच नाही तुम्ही कुठून आलात!"

हरला तेव्हा तो माझ्याकडे बघत होता, पडद्याकडे नाही. आणि त्याची धनुर्धरांची तुकडी गढीपासून अर्ध्या दिवसावर नुसती उभी होती. मी नकाशा नंतर पाहिला. ती हलवली असती तर माझा एक स्वार परतला नसता.

पोरगा चांगला आहे. पण काकाला जिंकू देणारा माणूस उद्या गिऱ्हाइकालाही जिंकू देईल. त्याच्या हातात कारखाना दिला तर वर्षभरात सगळे आमच्यावर खूश असतील आणि आम्ही बंद पडलेलो असू.

सिमेउन तर माझ्याच वयाचा. म्हणजे ग्राट्स.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पत्र बाहेर काढलं, वाचलं, परत ठेवलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी रोसांदा ऑफिसात आली. शाळेचं काम आलंय, चौसष्ट खिडक्या. "मालक, मला वाटतं आधी तळमजल्याच्या —" मी म्हटलं आधी वरच्या मजल्याच्या कापा, कारण वरून खाली येणं सोपं. बरं म्हणाली, गेली.

दुपारी खेळात तिच्याकडे नीट लक्ष दिलं. तिची दरी सगळ्यांत गरीब होती, माझ्याहून. आता तिच्या दरीत सगळ्यांत कमी गडबड आहे. लढाई नाही, मोठी गढी नाही. पण दुष्काळ पडला की सगळे तिच्याकडे धान्य मागायला जातात. सिमेउनने दोनदा तिच्यावर चाल केली आणि दोनदा पूल तोडलेला पाहून परत आला.

"बाई, तुला कळतं कसं मी कधी येणार ते?"

"तुम्ही येण्याआधी दाणा विकत घेता, सिमेउनदादा. घोड्यांसाठी. बाजारात भाव चढतो."

सिमेउनने राकिया दारूचा ग्लास तोंडाकडे नेला होता, तो तसाच धरून बसला. मी एवढा हसलो की चष्मा काढावा लागला.

सोमवार, १८ नोव्हेंबर

गुडघा! जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. डॉक्टर म्हणतात दहा दिवस गरम पाण्याच्या झऱ्यावर जा, रोज चिखलाचा लेप. दहा दिवस! कारखान्यात शाळेचं काम, आणि गुरुवारचा खेळ.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

निघण्याआधी कँटीनमध्ये गेलो आणि सुभेदार नेमले. नऊ गावं, नऊ सुभेदार. प्रत्येकाला धान्य की भिंत एवढंच सांगितलं. मशीनने विचारलं — नक्की? मी 'नाही' दाबलं. मग परत 'हो' दाबलं.

कारखान्यात रोसांदाला म्हणालो, तू बघ दहा दिवस. तिने नुसती मान डोलावली. मी चार पानं सूचना लिहून दिल्या.

रविवार, २४ नोव्हेंबर

चिखल. वरती चिखल, खालती चिखल. शेजारच्या टबात एक निवृत्त रेल्वे गार्ड आहे. त्याला मीठ का विकू नये ते समजावून सांगितलं. तो दुसऱ्या टबात गेला.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

परत. आधी कारखान्यात गेलो. शाळेचं काम अर्धं झालं! मी म्हटलं, वरच्या मजल्याच्या झाल्या का? रोसांदा म्हणाली, तळमजल्याच्या. मुलांचे वर्ग तळमजल्यावर आहेत, थंडी पडली होती, मुख्याध्यापिका म्हणाली की पोरं कोट घालून बसतात. चार पानं सूचना टेबलावर होत्या, काचेखाली व्यवस्थित ठेवलेल्या. एकही पाळलेली नाही.

ओरडावंसं वाटलं. कशावरून ओरडू, ते सापडेना.

मग कँटीनमध्ये जाऊन दरी उघडली. आठ गावं माझ्या हाताखाली होती त्याहून बरी. नवव्या गावातल्या सुभेदाराने पूल चुकीच्या जागी बांधलाय. त्याच्या नावापुढे अकलेचा एक गुण वाढलाय.

किती वेळ त्या पुलाकडे बघत बसलो. आनंद झाला म्हणू की अपमान? दोन्ही. पण वसंताला आज फक्त पंधरा मिनिटं लागली.

गुरुवार, ५ डिसेंबर

उत्तरेच्या टोळ्या हलल्यात. कॉम्प्युटर चालवतो त्यांना, कुणाशी तह करत नाहीत. तिघं नकाशावर वाकून बोलत होते. मी माझी शिबंदी दक्षिणेच्या भिंतीवर पाठवली, कारण तो लाकूडवाला राजा मला आवडेनासा झालाय.

ल्युबिंकाने स्लावेची, आमच्या कुळसंताच्या सणाची, यादी केली. उपवासाचा महिना, म्हणजे मासे, घेवडा, अक्रोडाच्या वड्या. यंदा आमच्या संत निकोलाचा दिवस नेमका गुरुवारी. त्या दिवशी खेळ नाही, प्रत्येकाने एका ऋतूचे हुकूम बाराच्या आत घरूनच पाठवायचे, असं रोसांदाने ठरवलं.

गुरुवार, १२ डिसेंबर

ग्राट्सहून फोन. गोड बाई. "फक्त आठवण करून द्यायला केला, श्रीमान." म्हणालो, लक्षात आहे.

गुरुवार, १९ डिसेंबर

स्लावा. हे पाहुणे गेल्यावर संध्याकाळी सहाला लिहितोय. मेणबत्ती अजून जळते आहे. आज झालं ते नीट लिहून ठेवलं पाहिजे.

सकाळी पाद्री आले, स्लावेचा गोल पाव कापला, वाइन शिंपडली, गेले. ल्युबिंका स्वयंपाकघरात. साडेअकरा. मी कॉम्प्युटर उघडला, दरीचे हुकूम द्यायला. उत्तरेच्या खिंडीत आणि सीमेच्या तिन्ही वेशींवर रोजच्यासारखं लिहिलेलं — 'बंद'.

आणि माझा हात थांबला. या घराचं दार आज कुणाला बंद नसतं. माझ्या वडिलांनी, भाकरीची चणचण होती त्या वर्षीसुद्धा, या दिवशी दाराला कडी लावली नाही. बोलावणं आपण कुणाला करत नाही. जो येईल त्याला बसवायचं, शिजवलेला गोड गहू द्यायचा, ग्लास भरायचा. शत्रू आला तरी. खेळच आहे, मला माहीत आहे की तो खेळ आहे! पण बाहेर कोट टांगायला खुंट्या मोकळ्या करून ठेवायच्या आणि आत 'बंद' लिहून ठेवायचं, हे काही जमेना. तिन्ही वेशींवर 'उघडी' लिहिलं. सर्वांसाठी. आणि पाठवलं. उत्तरेची खिंड तेवढी बंद ठेवली — त्या टोळ्यांचा कुठलाच संत नाही.

एकपासून पाहुणे. आधी रास्त्को, बायको आणि वाइनची बाटली घेऊन. दारातच, गव्हाचा चमचा तोंडात असताना — "काका! तुम्ही वेस उघडी ठेवलीत?"

"स्लावा आहे."

"पण काका..." आणि हसायला लागला. "मी आत आलोय. चारशे माणसं घेऊन. अंगणात उभे आहेत माझे लोक. काही करत नाहीत, तुमची शपथ!"

सिमेउन आला. "घरधनी, स्लावा सुखाची!" गालांवर तीन मुके. "तुझ्या दारूखान्यापाशी माझे पाचशे आहेत, वेल्या. टोप्या काढून उभे केलेत. पाहुणे म्हणजे पाहुणे."

सगळं टेबल हसलं. मी राकिया ओतत होतो. घरधन्याने स्लावेला बसायचं नसतं, सकाळपासून उभा, गुडघ्यासकट! पण मन असं भरून आलं होतं. अख्खं राज्य उघडं टाकलं आणि एकाने काडीला हात लावला नाही. ही माझी माणसं, म्हटलं.

मग रास्त्कोने फोन पाहिला. "काका. तुमची मोठी गढी..."

"काय झालं तिला?"

"रोसांदाने घेतली."

मासळीचं ताट माझ्या हातात होतं. टेबलावर कुणी काटा खाली ठेवला, तो आवाज ऐकू आला.

"स्लावेच्या दिवशी?" सिमेउन म्हणाला. "घरधन्याची गढी? त्याची भाकरी खायला येणार आणि —"

आणि तेवढ्यात घंटा वाजली. रोसांदाच. नवरा मागे, हातात कॉफीचा पुडा आणि फुलं. गालावर थंडीची लाली, त्यात वरून आणखी लाली. तिने आत पाऊल टाकलं आणि सगळं टेबल तिच्याकडे पाहू लागलं.

आता काय करणार? पाहुणी ती! स्लावेला पाहुण्याला वाकडा शब्द बोलायची सोय नाही. माझी गढी गिळून आलेल्या बाईचा मी कोट घेतला, खुंटीला लावला, गव्हाची वाटी पुढे केली. "ये बाई, बस. नवरोबा, तुम्हीही."

"मालक, मला सांगायचं होतं —"

"आधी मासा घे. डोक्याकडचा घे, तो चांगला असतो."

"मालक, ती गढी —"

"घेवडा घे. ल्युबिंका, रोसांदाला घेवडा दे."

सिमेउन मिशीत पुटपुटत होता — "दे, दे. गढी दिलीस, घेवडाही दे." ल्युबिंकाने त्याच्या खांद्यावर फडका मारला. मी मुद्दाम तिच्या ग्लासाजवळ घुटमळत राहिलो, तो रिकामा होऊ द्यायचा नाही म्हणून. गढी गिळंकृत करून इतक्या आदराने वाढून घेतलेली बाई वाल्येवोत दुसरी नसेल! चौथ्या ग्लासानंतर तिचा नवरा बिचारा म्हणाला, पुरे, ती गाडी चालवणार आहे.

दारात कोट घालताना ती एवढंच म्हणाली, "मालक, आज नाही बोलत. पण उत्तरेचे कुठपर्यंत आलेत ते एकदा बघा."

आत्ता पाहिलं. खिंडीचा पहारा दोन दिवसांपूर्वीच फुटलाय. टोळ्या गढीपासून एका मजलेवर, नऊ हजार. गढीत माझे एकवीस पहारेकरी होते. बाकी सगळे दक्षिणेला, त्या लाकूडवाल्यासाठी. कोठारात तीन आठवड्यांचं धान्य.

अंगणात चारशे आणि पाचशे लोक टोप्या काढून, आदराने उभे. आणि गढीच्या भिंतीवर रोसांदाचे आठशे, तोंड उत्तरेकडे करून.

शुक्रवार, २० डिसेंबर

कारखान्यात कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. मी सगळ्यांसमोर तिच्यासाठी कॉफी केली. साखर जास्त पडली.

गुरुवार, २६ डिसेंबर

टोळ्या आल्या. हिवाळाभर वेढा. रोसांदाने सगळ्या वेशी बंद केल्या, आपल्या दरीतलं धान्य बोगद्यातून आत आणलं. आणि माझा तो पूल चुकीच्या जागी बांधणारा सुभेदार तिने काढला नाही! त्यालाच नदीवर लावला. त्याने यंदा पूल तोडला, बरोबर जागी. टोळ्यांचं अर्धं सैन्य पलीकडच्या काठावर उपाशी राहिलं. वसंतात टोळ्या परत फिरल्या.

सिमेउन ओरडत होता, "मार! मार!" रास्त्को खुर्चीवर उभा! शेवटचा घोडा नकाशाबाहेर गेला तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो — दुसऱ्याच्या हातातल्या माझ्या गढीसाठी!

"घ्या मालक," रोसांदा म्हणाली. "तुमची गढी." पडद्यावर तिचा प्रस्ताव आला: परत करते, विनाअट.

"आधी बोलली असतीस."

"बोलले असते तर तुम्ही मला दक्षिणेच्या भिंतीबद्दल समजावून सांगितलं असतं."

सिमेउनला पुन्हा तो खोकला आला. रास्त्को छताकडे पाहू लागला.

प्रस्तावाखाली दोन चौकोन होते. मी 'नको' दाबलं. "ठेव तुझ्याकडे," म्हणालो. "तुला येतं ते."

आणि म्हणून झाल्यावर कळलं की मी खेळाबद्दल बोलत नव्हतो.

शुक्रवार, २७ डिसेंबर

सकाळी ग्राट्सला पत्र लिहिलं. नाही. दोन ओळींत, नम्रपणे, मलाही येतं तसं लिहिता. पण टपालात टाकलं नाही, कोटाच्या खिशात आहे.

मग रोसांदाला बोलावलं. दार लावलं. म्हटलं, नव्या वर्षापासून कारखाना तू चालव. निर्णय तुझे, सही तुझी. मी आठवड्यातून एकदा येईन, तेही तू बोलावलंस तर. रास्त्को गिऱ्हाइकं बघेल, तुझ्या हाताखाली. त्याला मी सांगेन, चुलता म्हणून तेवढं माझ्याकडे राहू दे.

तिने पेन्सिल कानामागून काढली, परत लावली. "सोमवारी सांगते, मालक."

सोमवारी! माझ्याकडे मंगळवारपर्यंत वेळ आहे. आणि ती नाही म्हणाली तर खिशातलं पत्र फाडून दुसरं लिहावं लागेल. मग एकोणीसचे चार.

रविवार, २९ डिसेंबर

ल्युबिंकाने दोनदा विचारलं काय झालं. दोनदा म्हणालो, गुडघा.

सोमवार, ३० डिसेंबर

रोसांदा 'हो' म्हणाली. मग म्हणाली, "आता एक ऐका, आणि मध्ये बोलू नका." नाही बोललो.

सप्टेंबरअखेर मी ग्राट्सच्या माणसाला 'जुना मित्र' म्हणून हॉल दाखवला होता. तो भिंतीकडून भिंतीकडे पावलं मोजत चालला. "मालक, आम्ही मापं घेऊन पोट भरतो. जागा मोजणारा माणूस आम्हाला ओळखू येणार नाही?" तिघांना त्याच दिवशी कळलं. येऊन बोलले असते तर मी त्यांना समजावून सांगितलं असतं. म्हणून बोलायचं नाही, दाखवायचं ठरलं — सांगितल्याशिवाय आम्ही काय करतो ते.

"आणि हा खेळ? किती वर्षं खेळताय तुम्ही?"

"तुम्ही पहिल्यांदा कँटीनमध्ये आलात ना? त्याच्या तीन दिवस आधी उतरवून घेतला. कुणालाच येत नव्हता."

तडक काचेच्या टेबलाकडे गेलो. सिमेउनने मान वर केली नाही. "त्या चौऱ्याऐंशीपैकी मी नऊच पानं वाचली होती, वेल्या," म्हणाला. "दहावं तू वाचशील या भीतीत तीन महिने काढले."